आंबोलीचे चार दिवस आणि सहापैकी चार पाय

शुक्रवार

पुण्यातून पहाटे साडेपाचला निघायचं ठरलं होतं, निघालो साडेसातला, आणि त्यात माझी काही चूक नाही कारण भाचीच्या सामानात एक पांढरी डबल बेडशीट, दोन बल्ब, वायरचं भेंडोळं, नायलॉनची दोरी, प्लॅस्टिकच्या पन्नासेक डब्या, बाटल्या आणि तिच्या कॉलेजचा मायक्रोस्कोप एवढं सगळं होतं आणि तो मायक्रोस्कोप डिकीत चालणार नव्हता, मांडीवरच हवा होता, लहान बाळासारखा. भाची किड्यांवर पीएचडी करतेय. नेमकं सांगायचं तर क्रेन फ्लायवर. म्हणजे तो लांब तंगड्यांचा, बाथरूमच्या भिंतीवर चिकटून बसलेला किडा, ज्याला आपण सगळे सरळ मोठा डास म्हणून चप्पल फेकून मारतो, तो. आमच्या आईने शेजारीपाजारी 'नात डासांवर करतेय, डेंग्यूचं कायतरी' असं सांगून टाकलंय आणि आता ते कोणी दुरुस्त करत नाही. मी या ट्रिपमध्ये ड्रायव्हर. अधूनमधून बेडशीटचं टोक धरणारा माणूस.

कागलपर्यंत हायवे, तिथे मिसळ, मग निपाणीवरून आत वळून उत्तूर, आजरा. मिसळ बरी होती, पुढे जाऊ. आजऱ्याला चहा घेताना मी तिला म्हटलं की बाई गं एकदा मला नीट समजेल असं सांग की हा डास नाही तर मग आहे काय, कारण तीन दिवस मी तुझ्याबरोबर फिरणार आणि लोक मला विचारणार. तर तिने टेबलावर सांडलेल्या चहात बोटाने पंख काढला. खरंच. म्हणे मामा, डासाला लांब सुईसारखी सोंड असते, हिला तशी नाही, ही चावत नाही आणि रक्तही पीत नाही, आणि लोक म्हणतात तशी डासही खात नाही, ते निव्वळ गावगप्पा. डासाच्या पंखांच्या शिरांवर बारीक खवले असतात, हिच्या नसतात. आणि पंखाच्या मागच्या बाजूला शरीराजवळ दोन शिरा कडेपर्यंत जातात, डासाला तिथे एकच. आणि पाठीवर इंग्रजी व्ही अक्षरासारखी शिवण. 'ती व्ही दिसली की डोळे मिटून क्रेन फ्लाय म्हण,' असं म्हणाली आणि लगेच 'तसं अगदी डोळे मिटूनही नको, हिवाळी क्रेन फ्लाय म्हणून वेगळं कुटुंब आहे त्यांनापण व्ही असते, पण त्यांच्या डोक्यावर तीन साधे डोळे असतात, हिच्या नसतात' असं जोडलं. अभ्यास करणाऱ्या माणसांचं हे असंच, एक वाक्य सुखाने संपू देत नाहीत.

जगात या माशांच्या साडेपंधरा हजारांच्या वर स्पीशीज आहेत. मी स्पीशीजच लिहितोय कारण मराठीत काही पुस्तकं जीनसला (म्हणजे जवळच्या स्पीशीजच्या गटाला) प्रजाती म्हणतात आणि पेपरवाले स्पीशीजला प्रजाती म्हणतात, त्यामुळे दोघांचं ऐकलं की घोळ होतो. चार कुटुंबं, त्यातली दोन मोठी, टिपुलिडी आणि लिमोनिडी, आणि आम्हाला सापडल्या त्या या दोनमधल्याच.

संध्याकाळी आंबोलीत शिरलो तेव्हा धुकं इतकं की बॉनेटच्या पुढचं दिसत नव्हतं. उंची ६९० मीटरच, पण वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं गाव आहे हे, सप्टेंबरअखेरीलाही भिंती घाम फुटल्यासारख्या ओल्या असतात. भाची सारखी 'हळू, बेडूक, हळू' ओरडत होती, दोनदा उतरून तिने रस्त्यातले बेडूक बाजूला केले. होमस्टेच्या काकूंनी बल्ब, दोरी, बेडशीट बघितली आणि विचारलं, 'तुमी काय डास धरूक इलात?' मी म्हटलं होय. भाची माझ्याकडे बघत राहिली.

जेवणात भाकरी, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि सोलकढी. मग अंगणात दोरीवर बेडशीट टांगली, पुढे बल्ब लावला. अर्ध्या तासात बेडशीटवर जत्रा भरली, पतंग, तुडतुडे, भुंगेरे, एक खंडोबाचा किडा जो बुफेला आल्यासारखा एकेक उचलून खात होता. आणि साधारण साडेनऊला ती आली, पंख पसरले तर माझ्या करंगळीहून लांब भरेल एवढी, उडणं एकदम अडखळत, जणू स्वतःचेच पाय मध्ये येतायत. भाची डबी आणायला आत गेलेली. मला वाटलं, उडून जाईल, म्हणून मी अलगद, खरंच अलगद, तिच्या पायांना धरलं.

माशी उडून गेली. माझ्या चिमटीत दोन पाय राहिले.

भाचीने मला काहीही म्हटलं नाही, हेच वाईट. ते दोन पाय तिने छोट्या कागदी पुडीत घातले, वर तारीख आणि वेळ लिहिली आणि मग शांतपणे सांगितलं की ही माशी पाय सोडते. पाय जिथे शरीराला जोडलेला असतो तिथे आधी दोन बारके तुकडे असतात आणि मग मांडी सुरू होते, त्या दुसऱ्या तुकड्याच्या आणि मांडीच्या मध्ये मुळातच जोड कच्चा असतो, कोळ्याने किंवा पक्ष्याने किंवा मामाने पाय धरला की तिथून निखळतो आणि माशी सुटते. पालीच्या शेपटीसारखं, फक्त पालीची पुन्हा उगवते आणि हिचा पाय उगवत नाही. मोठी झालेली माशी तशीही थोडेच दिवस जगते, काही तर धड खातही नाहीत, त्यामुळे चार पायांवर निभावून जातं तिचं. निभत नाही ते टॅक्सॉनॉमिस्टचं, म्हणजे किडे ओळखून त्यांना नावं देणाऱ्याचं, कारण त्याला पायाचा रंग, पायावरचे पट्टे, नडगीच्या टोकाला असलेले काटे, सगळं मोजायचं असतं. जुन्या म्युझियममधले नमुने बघितले तर म्हणे निम्म्यांना पायच नाहीत, टाचणीवर धड आणि पंख तेवढे, आणि वर्णनात लिहिलेलं असतं 'पाय तुटलेले'.

शनिवार

सकाळी आंबोळ्या खाऊन हिरण्यकेशीला. देवळामागे गुहेतून नदी उगम पावते ते ठिकाण. इथल्या कुंडात २०२० साली एक नवीन मासा सापडला, शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि २०२१ मध्ये सरकारने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. आंबोलीचा म्हणून एक टोडसुद्धा आहे, २००९ साली नाव मिळालेला, अंगावर वाघासारखे पट्टे म्हणून टायगेरिना. मासे आणि बेडूक यांचं नशीब बरं, त्यांना नाव मिळतं, बोर्ड लागतो, पेपरात फोटो येतो. त्याच भिंतीवर बसलेल्या माशीकडे कुणी ढुंकून बघत नाही, मीपण इतकी वर्षं कुठे बघितलं होतं म्हणा.

देवळाच्या आवारात काहीही पकडायचं नाही, फक्त बघायचं, असं तिचं तिनेच ठरवलं होतं (वनखात्याचं परवानगीचं पत्र पिशवीत होतं, ते रस्त्याच्या पलीकडच्या जंगलासाठी). तर आम्ही ओल्या दगडांच्या कपारीत बॅटरी मारत बसलो आणि तिथे मला या चार दिवसांतली सगळ्यात भारी गोष्ट दिसली. कपारीत कोळ्याचं जुनं जाळं, आणि त्याच्या एका धाग्याला सात-आठ बारीक माशा ओळीने लोंबकळलेल्या, वाळत घातलेल्या कपड्यांसारख्या. पुढच्या पायांनी धागा धरलेला आणि बाकीचं शरीर हवेत. पायांची टोकं पांढरी, त्यामुळे अंधारात आधी पांढरे ठिपके दिसतात, माशी नंतर दिसते. जवळ तोंड नेलं, श्वास लागला तर सगळ्या एकदम वरखाली झुलायला लागल्या, भसाभस, धागा दिसेनासा होईपर्यंत. कोळ्याच्या घरात राहून कोळ्याला चिकटत नाहीत. कशामुळे, हे मी विचारलं तर भाची म्हणाली पाय हलके आहेत, धागा कोरडा आहे, बाकी मलापण माहीत नाही, आणि लिहून घेतलं. या लिमोनिडी कुटुंबातल्या. ओळखायची सोपी खूण म्हणजे टिपुलिडीतल्या मोठ्या माशा बसताना बहुतेक पंख पसरून बसतात आणि या बऱ्याचदा पाठीवर घडी करून.

परतताना ओढ्याकाठी कुजलेल्या पानांच्या ढिगात तिने हात घातला आणि एक अळी काढली, करड्या रंगाची, चामड्यासारखी, बोटाच्या पेराएवढी. इंग्रजीत अशा अळ्यांना लेदरजॅकेट म्हणतात ते उगाच नाही. मला तळहातावर ठेवून म्हणाली, मामा तोंड बघ. मी बघितलं, दोन काळे डोळे, भोवती शिंगांसारखी बोटं, एकदम यात्रेतल्या राक्षसाच्या मुखवट्यासारखं. मग म्हणाली, ती मागची बाजू आहे! डोळे वाटतात ती श्वासाची भोकं आणि शिंगं वाटतात ते भोवतीचे मांसल लोंब, त्यांनी ती चिखलात असताना ढुंगण वर काढून श्वास घेते. खरं डोकं दुसऱ्या टोकाला, आणि ते निम्मं शरीरात ओढून घेतलेलं. फोटो काढणारे निम्मे लोक म्हणे ढुंगणाचाच क्लोजअप काढून चेहरा म्हणून टाकतात. मीपण आधी तेच केलं होतं, व्हॉट्सअ‍ॅपवर गेलापण होता फोटो, डिलीट केला.

रात्री पुन्हा बेडशीट. मला तीन फूट लांब बसवलं होतं. साडेआठला मादी आली, सव्वादहाला नर. दोघंही मोठे, तपकिरी, कालच्यासारखेच. या वेळी भाचीने पायांना हातच लावला नाही, मोठी प्लॅस्टिकची नळी वरून ठेवली आणि खालून कागद सरकवला. तरी नराला चारच पाय होते, दोन आधीच कुठेतरी गेलेले. मी लगेच म्हटलं, हा माझाच कालचा! तिने पुडीतले दोन पाय काढून बघितले, एक मागचा होता, एक मधला. याचे गेलेले दोन्ही पुढचे. म्हणजे नाही.

मारायच्या बाटलीकडे मी बघितलं नाही, ते माझ्याच्याने होत नाही. तिलापण आवडत नाही हे तिच्या चेहऱ्यावर कळतं, पण तिचं म्हणणं असं की एक नर नीट जपला तर पुढची दोनशे वर्षं कुणालाही तो बघता येतो, आणि आपण बाथरूममध्ये चपलेने मारतो त्यांचा तर हिशोबच नाही.

रविवार

सकाळी उठलो तर आतून 'अरे देवा' ऐकू आलं. मादी टाचणीला लावून टेबलावर थर्माकोलच्या तुकड्यावर ठेवली होती, रात्रीतून मुंग्या लागल्या. धड गायब. पोट गायब. टाचणीभोवती थोडा भुसा, बाजूला दोन पंख आणि पायांचे तुकडे. शेवटचा तुकडा घेऊन निघालेली मुंगी अजून टेबलाच्या पायावर होती. भाचीने डोक्याला हात लावला, मग पंख उचलले, मग हसायला लागली. नर बचावला कारण तो बंद डबीत होता. काकूंनी टेबलाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या आणि म्हणाल्या, हे कालच सांगायचं होतं ना, आमी गुळाच्या डब्याक असाच करतो.

बाहेर धो धो पाऊस, कावळेसादला जायचा बेत रद्द, मग दिवसभर मायक्रोस्कोप. मी आयुष्यात दहावीनंतर पहिल्यांदा भिंगात डोळा घातला.

आधी डोकं. डोक्याचा पुढचा भाग लांबट, घोड्याच्या थोबाडासारखा, आणि त्याच्या वर टोकाला एक बारीक टोकदार उंचवटा, नेसस म्हणतात त्याला, म्हणजे नाकच. हा असला आणि तोंडाजवळच्या स्पर्शिकेचा शेवटचा तुकडा चाबकासारखा लांब असला की बहुधा टिपुलिडी. कालच्या जाळ्यावरच्या बारक्यांना हे दोन्ही नसतं. मिशांचे तुकडे मी मोजले, तेरा. पुन्हा मोजले, बारा. तिने मोजले, तेरा. पाठीवर ती व्ही शिवण, खरंच शिंप्याने उसवून पुन्हा घातल्यासारखी ठळक. पंखांच्या मागे दोन बाजूंना दोन काड्या, टोकाला गोळी, ढोल वाजवायच्या टिपरीसारख्या. माशांना पंख दोनच असतात आणि मागचे दोन पंख बदलून ह्या काड्या झाल्यात, उडताना पंखांच्या उलट लयीत हलतात आणि शरीर कुठे वळलं ते माशीला सांगतात. डासाला, घरमाशीलापण असतात, पण हिच्या एवढ्या मोठ्या की साध्या डोळ्यांना दिसतात. त्या असूनही ही असं अडखळत का उडते, हा माझा प्रश्न तिने ऐकून न ऐकल्यासारखा केला.

मग पंख. मादीचे उरलेले पंख यात कामी आले, नराचे मोडायला नकोत म्हणून. भिंगाखाली पंख म्हणजे गावाचा नकाशा, कडेने हमरस्ता, आत फाटे, मध्येच चारी बाजूंनी बंद एक छोटी चौकट जिला डिस्कल सेल म्हणतात. कुठली शीर कुठे फुटते, कुठली कडेपर्यंत जाते, कुठली अलीकडेच दुसरीला मिळते, यावर जीनस ठरतो. तासभर बघून ती म्हणाली, बहुतेक होलोरुसिया. हे जीनसचं नाव, यात राक्षसी माशा आहेत, चीनमध्ये सिचुआनला २०१७ साली होलोरुसिया मिकाडोचा एक नमुना सापडला त्याच्या पायांचा पसारा २५.८ सेंटिमीटर होता, म्हणजे जेवायच्या ताटाएवढी माशी. त्या नावापुढे कंसात वेस्टवूड, १८७६ असं लिहितात आणि त्या कंसाला अर्थ आहे, कंस म्हणजे नाव देणाऱ्याने ती आधी दुसऱ्या जीनसमध्ये टाकली होती, टिपुलामध्ये, नंतर कुणीतरी घर बदललं. कंस नसेल तर माशी अजून मूळ घरात. मला हे फारच आवडलं, लग्नानंतर नाव बदललं की माहेरचं कंसात लिहितात तसं काहीसं, फक्त इथे कंसात बारसं करणारा.

पण जीनसपर्यंतच. स्पीशीज पंखावरून नाही ठरत, फोटोवरून तर नाहीच, ती ठरते नराच्या पोटाच्या टोकावर. तिने नराच्या शेपटाचा तुकडा कापला, दहा टक्के कॉस्टिक पोटॅशच्या थेंबात टाकला आणि ती छोटी बाटली गरम पाण्याच्या कपात ठेवली, त्याने आतलं मांस विरघळतं आणि फक्त कवच राहतं. तोवर आम्ही भजी खाल्ली (हात धुऊन, दोनदा). मग ग्लिसरीनमध्ये ठेवून भिंगाखाली. काय सांगू, आत एक अख्खा अडकित्ता होता. दोन बाजूंना दोन जाड दांडे, प्रत्येकाच्या टोकाला दोन पाती, बाहेरचं साधं, पानासारखं, आणि आतलं चोचीसारखं वळलेलं, वर काळा तुरा, बारीक दाते. वरून पाठीच्या नवव्या तुकड्याची कड, तिला मधोमध खाच. हे सगळं मादीला धरून ठेवण्यासाठी. दोन माशा बाहेरून हुबेहूब एक दिसतील पण ही चोच, हा तुरा, ही खाच वेगळी निघाली की स्पीशीज वेगळी. म्हणून एकटी मादी मिळाली की हे लोक नाराज होतात. तिच्या शेपटाला अंडी घालायची टोकदार पाती असतात, लोकांना तीच नांगी वाटते, पण ओळखीच्या कामाला ती नराइतकी येत नाहीत.

बरं, मग लाव ना नाव, मी म्हटलं. तर म्हणाली कशाशी ताडून? भारतातल्या या माशांवर मोठं पुस्तक आलं १९१२ मध्ये, एन्रिको ब्रुनेटीचं, आणि हा माणूस कलकत्त्यात राहणारा, पेशाने संगीतकार. त्यानंतर आला चार्ल्स अलेक्झांडर, १८८९ ते १९८१, अमेरिकेतल्या अ‍ॅमहर्स्टचा, त्याने एकट्याने ११,००० हून जास्त क्रेन फ्लायना नावं दिली, बायको मेबल आयुष्यभर या कामात त्याच्या बरोबर. मी तिथल्या तिथे फोनवर हिशोब केला, सत्तर वर्षं धरली तरी आठवड्याला तीन माशा, सुट्टी न घेता. दक्षिण भारतातल्या माशा त्याला सुसाई नाथन नावाचे कीटक गोळा करणारे पाठवायचे, अनामलाईच्या डोंगरातून वगैरे, तो तिथे बसून वर्णन लिहायचा. वर्णनं पुष्कळदा थोडक्यात, चित्रं कमी. 'त्याने तुरा काळा लिहिलंय मामा, पण कितपत काळा, चोच किती वाकडी, ते मूळ नमुना, म्हणजे ज्यावरून नाव दिलं तो, बघितल्याशिवाय कळत नाही, आणि मूळ नमुने बरेचसे वॉशिंग्टनच्या म्युझियममध्ये.' तिच्या आवाजात पहिल्यांदाच थकवा ऐकला मी. इथल्या पावसात वाढलेली माशी इथे बसून ओळखायची तर तिच्या नावाचा मूळ मालक सात समुद्रांपलीकडे ड्रॉवरमध्ये, आणि त्यालाही पाय असतीलच असं नाही.

संध्याकाळी पाऊस थांबला तेव्हा चौकुळच्या रस्त्याला पायी थोडं फिरून आलो. झुडपात हिरवागार चापडा साप बसला होता, दोघांनी लांबून बघितला, तिने एक मिनिट, मी दहा सेकंद.

सोमवार

नऊला निघालो. काकूंनी कुळथाचं पीठ बांधून दिलं आणि डास मिळालो मा, असं विचारलं. मी म्हटलं एक मिळाला. आजऱ्यात थांबून पाच किलो घनसाळ तांदूळ घेतला, घरी एवढं एकच कारण सांगून गेलो होतो तर ते खरं करायला पाहिजे.

निपाणीच्या पुढे ट्रकांची रांग लागली, अर्धा तास गाडी जागेवर. भाचीने डबी काढली, बारीक पेनाने कागदाच्या नखाएवढ्या तुकड्यावर लेबल लिहायला घेतलं, मी वाचून दाखव म्हटलं. महाराष्ट्र, सिंधुदुर्ग, आंबोली, ६९० मी., रात्री सव्वादहा, लाइटवर. होलोरुसिया, स्पीशीज पुढे रिकामी जागा. नर. शेपूट ग्लिसरीनमध्ये वेगळं. मग थोडा विचार करून खाली अजून एक ओळ, सहापैकी पाय चार, आणि माझ्याकडे बघून, 'हे तुझ्यामुळे नाही, तरी लिहिते.'

मागचा ट्रक हॉर्न वाजवायला लागला, रांग हलली होती.